वाढता रक्तदाब : सभासद-कुटुंबांसाठी काही माहिती

या पत्रिकेत व्रते, उत्सव, पंचांग आणि पुराणकथा यांविषयीचे लेख वाचण्याची सभासदांस सवय आहे. त्या पंक्तीत रक्तदाबाचा विषय आलेला पाहून कोणास नवल वाटले, तर ते साहजिकच आहे. शिवाय आम्ही काही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण शाळेपुरते, आणि त्यापुढचे जे काही ते गाभाऱ्यात तीर्थरूपांच्या हाताखाली झालेले. तरीही हा लेख लिहिण्याचे धाडस केले, त्याचे कारण गेल्या कोजागरीच्या सकाळी आमच्या घरी जे घडले ते आहे. ते पुढे ओघात सांगूच. मात्र एक विनंती आरंभीच करून ठेवतो. येथे दिलेली माहिती समजून घेण्यासाठी आहे. औषधात कोणताही फेरफार करावयाचा तो ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावा.

प्रथम रक्तदाब म्हणजे काय ते पाहू. इंदूरच्या वाचकांस पंपाचा दृष्टांत समजावून सांगण्याची गरज नाही. नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर कापून, घाट चढवून आपल्या शहरात आणले जाते. पंपाचा जोर कमी पडला, तर वरच्या मजल्यावर थेंब येत नाही. तो बेताबाहेर गेला, तर जुना नळ कोठेतरी सांध्यात फुटतो. आपले हृदयही दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावून रक्त पुढे लोटीत असते. लोटताना रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर जो जोर पडतो तो वरचा दाब, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडते तेव्हा जो जोर शिल्लक राहतो तो खालचा दाब. दाब किती पाऱ्याचा स्तंभ तोलून धरील, हे मिलिमीटरांत मोजण्याचा प्रघात पडला आहे. म्हणूनच डॉक्टर ‘एकशेवीस-ऐंशी’ असे दोन आकडे सांगतात.

नळ एकदा फुटला की महापालिकेची माणसे येऊन तो जोडतात. शरीरातल्या नळांचे तसे नाही. मेंदू, डोळे, मूत्रपिंडे आणि खुद्द हृदय यांतील वाहिन्या अत्यंत नाजूक असतात. वाढीव दाबाखाली त्या वर्षानुवर्षे कडक आणि अरुंद होत जातात. त्या दाबाविरुद्ध रक्त लोटता लोटता हृदयाची भिंत जाड होते आणि अखेरीस हृदय थकते. मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती उतरते. मेंदूतील वाहिनी तुंबली अथवा फुटली म्हणजे ज्याला आपण अर्धांगवायू म्हणतो तो होतो. या सर्वांत विलक्षण गोष्ट अशी की, हे सारे चालू असता मनुष्यास बहुधा काहीच जाणवत नाही.

१२०/८० च्या खालचा दाब उत्तम. शांतपणे, निरनिराळ्या दिवशी मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक भरू लागला, तर आपल्याकडील डॉक्टर त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. घरच्या यंत्रावर मोजलेला दाब सामान्यतः थोडा कमी भरतो, म्हणून तेथे १३५/८५ ही मर्यादा धरतात. अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०१७ मध्ये ही रेषा १३०/८० वर आणली. त्यामुळे परदेशी राहणाऱ्या मुलांनी फोनवर एक आकडा सांगावा आणि येथल्या डॉक्टरांनी दुसरा, असा गोंधळ काही घरांत झालेला आम्ही पाहिला आहे. आकड्यांच्या या वादात सामान्य माणसाने पडू नये. १३० आणि १४० यांच्या दरम्यानच्या माणसानेही मीठ, वजन आणि चालणे यांकडे लक्ष द्यावे, याबद्दल दोन्हीकडच्या तज्ज्ञांचे एकमत आहे.

आपल्या देशात २०१९–२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे २४ टक्क्यांचा आणि स्त्रियांपैकी सुमारे २१ टक्क्यांचा दाब वाढलेला आढळला, किंवा तो आटोक्यात ठेवण्यासाठी ते औषध घेत होते. याचा अर्थ, महाप्रसादाच्या एका पंगतीत पन्नास मोठी माणसे बसली, तर त्यांतील दहा-अकरा जण या वाटेवर आहेत. त्यांतल्या कित्येकांस ते ठाऊकही नसेल.

आता आमच्या घरची हकीकत. तीर्थरूपांचे वय त्रेसष्ट. चार वर्षांपूर्वी डोळे तपासण्यास गेले असता दाब वाढल्याचे कळले आणि सकाळची एक, रात्रीची एक अशा दोन गोळ्या सुरू झाल्या. त्या घेत असता ते नेहमी म्हणत, “डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, चार तास रुद्र म्हणतो तरी आवाज चढतो तसाच चढतो, मग ही गोळी कशासाठी?” या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. गोळ्या आणून ठेवण्याचे काम मात्र आमच्याकडे होते. गेल्या नवरात्रात, तिसऱ्या माळेला, गोळ्यांची पट्टी संपली. देवळात गर्दी, घरी पाहुणे, पहाटे तीनपासून काम. दसरा झाल्यावर आणू असे आम्ही मनाशी म्हटले. दसरा झाल्यावर तीर्थरूप म्हणाले, “इतके दिवस घेतली नाही, काय बिघडले?” आम्हालाही ते पटल्यासारखे झाले. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे.

कोजागरीच्या सकाळी अभिषेक चालू असता त्यांच्या उजव्या हातातली पळी ताम्हनात पडली. त्यांनी ती उचलली, ती पुन्हा पडली. नंतर मंत्राचे शब्द एकमेकांत मिसळू लागले. चाळीस वर्षे ज्यांच्या तोंडून एक स्वर चुकला नाही, त्यांचे उच्चार बोबडे झालेले ऐकूनही आम्हांस काय वाटावे? थकवा आला असेल! आम्ही त्यांना सभामंडपात आडवे केले, वारा घातला, आणि साखर-मीठ घातलेले लिंबाचे सरबत पाजले. सुमारे दोन तास असे गेले. अखेर शेजारच्या एका सभासद-भगिनींनी त्यांचा चेहरा पाहिला, ओठ एका बाजूस ओढलेला पाहून त्या ओरडल्याच, आणि त्यांच्याच मोटारीतून आम्ही रुग्णालयात गेलो. तेथे दाब भरला २१०/११६. मेंदूचे छायाचित्र काढल्यावर रक्ताच्या गुठळीने एक वाहिनी तुंबल्याचे कळले. देवाच्या कृपेने वेळ पुरती निघून गेलेली नव्हती. आज ते चालतात, बोलतात. पण उजव्या हाताची बोटे अद्याप फूल नीट उचलीत नाहीत, आणि रुद्र ते मनात म्हणतात.

येथे जे आम्हांस ठाऊक नव्हते, ते प्रत्येक घरी ठाऊक असावे म्हणून सांगतो. तोंड एका बाजूस वाकडे होणे, एक हात वा पाय लुळा पडणे, बोलणे बोबडे अथवा असंबद्ध होणे, यांतले एकही लक्षण एकाएकी दिसले तर क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, किंवा मिळेल त्या वाहनाने मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. लक्षणे केव्हा सुरू झाली ती वेळ लिहून न्यावी. रोग्यास पाणी, सरबत, गोळी असे काहीही तोंडाने देऊ नये. गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. आम्ही पाजलेले सरबत त्यांना बाधले नाही, हे केवळ दैव. आणि घरातली दाबाची गोळी फोडून जिभेखाली ठेवण्याची जी रीत काही ठिकाणी ऐकू येते, तीही टाळावी. दाब एकदम खाली आला तर मेंदूस होणारा रक्तपुरवठा आणखी घटतो.

तीर्थरूपांच्या त्या प्रश्नास, म्हणजे काही होत नसता गोळी कशासाठी याला, उत्तर शोधण्यासाठी आम्ही जरा मागचा इतिहास वाचला. तो फार मनोरंजक आहे. १७३३ मध्ये स्टीफन हेल्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या रक्तवाहिनीत नळी घालून रक्त किती उंच चढते ते पाहिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. (धर्मकार्य करणाऱ्याने वैद्यकात लक्ष घालावे की नाही, असे ज्यांना वाटत असेल त्यांच्यासाठी हा दाखला.) दंडास पट्टी गुंडाळून दाब मोजण्याची युक्ती १८९६ मध्ये इटलीतील रीव्हा-रोच्ची यांनी काढली, आणि १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कोव्ह यांनी पट्टीखाली स्टेथोस्कोप लावून वरचा व खालचा दाब ऐकून ठरविण्याची रीत दाखविली. म्हणजे मोजता आले. पण उतरविता येत नव्हते. वाढलेला दाब ही शरीराची गरजच असावी, असे पुष्कळ मोठमोठे डॉक्टर त्या काळी समजत. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९४४ च्या मार्चमध्ये १८६/१०८ भरला होता. जगातील उत्तमोत्तम वैद्यक त्यांच्या उशाशी होते, तरी त्या दाबावर चालेल असे औषध कोणापाशी नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. जगाच्या सर्वांत बलाढ्य राष्ट्राध्यक्षास जी गोळी मिळाली नाही, ती आज आपल्या गल्लीतल्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते आणि आपण ती आणावयास विसरतो!

दाब उतरविणाऱ्या पहिल्या उपयुक्त औषधांपैकी एक आपल्याच रानातले आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसेल. सर्पगंधेचे मूळ आपल्याकडे निद्रानाशावर आणि उन्मादावर फार पूर्वीपासून देत असत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने दाबही उतरतो असे लिहिले. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रोग्यांवरील अनुभव १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळाकडे वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये त्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु त्या औषधाने काहींचे मन अत्यंत खिन्न होते, नाक चोंदते, असे अनुभव आल्यामुळे आणि अधिक निर्धोक औषधे निघाल्यामुळे ते मागे पडले. तेव्हा अभिमानाच्या भरात कोणी सर्पगंधेच्या वड्या आणून चालू गोळ्यांच्या जोडीने आपल्या मनाने घेऊ नयेत.

आता तीर्थरूपांच्या प्रश्नाचे उत्तर. १९६७ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून झालेल्या एका अभ्यासाची हकीकत प्रसिद्ध झाली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांचे दोन गट केले होते. ७३ जणांस खरे औषध दिले, ७० जणांस दिसावयास तशीच पण पोकळ गोळी. सरासरी दीड-दोन वर्षांतच पोकळ गोळी घेणाऱ्यांपैकी २७ जणांवर गंभीर संकट ओढवले. औषध घेणाऱ्यांत अशांची संख्या होती २. हा मजकूर आम्ही तीर्थरूपांस वाचून दाखविला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे आधी वाचावयास हवे होते.” कोणी, हे त्यांनी सांगितले नाही.

औषधाविषयी आणखी थोडे. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळ्या वाहिन्या सैल करतात, टेल्मिसार्टन किंवा एनालाप्रिलसारख्या गोळ्या मूत्रपिंडाशी निगडित असलेली वाहिन्या आवळणारी साखळी तोडतात, आणि क्लोर्थॅलिडोनसारख्या गोळ्या लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर काढतात. पुष्कळांस दोन प्रकारांच्या गोळ्या थोड्या थोड्या मात्रेत देतात. ‘दोन गोळ्या म्हणजे दुखणे फार’ असा त्याचा अर्थ नव्हे. पहिल्या प्रकाराने काहींच्या पायांवर सूज येते, एनालाप्रिलने काहींना कोरडा खोकला लागतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरांस सांगावे. ते ती बदलून देतात. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल या जातीची औषधे गरोदरपणी चालत नाहीत, म्हणून घरातील तरुण स्त्रियांनी डॉक्टरांस तशी कल्पना अवश्य द्यावी. एखाद्या दिवशी गोळी राहिली, तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत. काही औषधे एकाएकी सोडली तर दाब पूर्वीपेक्षाही वर उसळतो. ‘एकदा सुरू केली की जन्मभर’ ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. नंदादीपात आपण रोज तेल घालतो. काल घातले होते, ज्योत चांगली आहे, म्हणून आज घालावयाचे नाही असे कोणी म्हणत नाही. दाब नीट भरतो तो गोळीमुळे. वजन पुष्कळ उतरले, मीठ सुटले, तर गोळी कमी होऊ शकते, पण तो निर्णय मोजून आणि डॉक्टरांनी घ्यावयाचा.

खर्चाची अडचण असल्यास जनऔषधी केंद्रांत हीच औषधे पुष्कळ स्वस्त मिळतात. शिवाय २०१७ मध्ये देशात सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रणाच्या सरकारी उपक्रमात आरंभीच्या पाच राज्यांत आपले मध्य प्रदेशही होते. सरकारी आरोग्यकेंद्रांतून दाब मोजून औषध विनामूल्य देण्याची त्यात व्यवस्था आहे. तेथे जाण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की नाही, हा प्रश्न गाभाऱ्याच्या दाराशी आम्हांस वारंवार विचारला जातो. विशेषतः निर्जला एकादशी, हरतालिका आणि महाशिवरात्र या दिवशी. याचे उत्तर शास्त्रात स्पष्ट आहे. ज्यांनी व्रतभंग होत नाही अशा आठ गोष्टी महाभारताच्या उद्योगपर्वात सांगितल्या आहेत: पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. त्यात पाणीही आहे आणि औषधही आहे. तेव्हा गोळी आणि ती गिळण्यापुरते पाणी घेतल्याने व्रतास बाध येतो, ही समजूत निराधार होय. ज्यांना लघवीवाटे पाणी काढणारी गोळी आहे किंवा मधुमेहही आहे, त्यांनी निर्जळ राहण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. शास्त्राने त्यांच्यासाठी पाण्याची वाट मोकळी ठेवलेलीच आहे.

आणि उपवासाच्या पदार्थांविषयी काय सांगावे! ‘आम्ही उपवासाला सैंधवच वापरतो, ते दाबाला चालते,’ असे पुष्कळ भगिनी विश्वासाने सांगतात. सैंधव हेही मुख्यतः तेच मीठ आहे. समुद्राऐवजी खाणीतून आले एवढाच फरक. काळे मीठ, पादेलोण यांचीही तीच कथा. वर, साध्या पुड्यातल्या मिठात आयोडीन घातलेले असते, ते सैंधवात नसते. राजवाड्यापाशी मिळणारी साबुदाण्याची खिचडी, तिच्यावर भुरभुरविलेला मसाला आणि फराळी मिश्रण, असा उपवास केल्यास त्या दिवशी नेहमीपेक्षा मीठ अधिकच पोटात जाते.

मीठ किती खावे? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसास दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, असे सांगितले आहे. आपण त्याच्या जवळजवळ दुप्पट खातो. हे घरच्या घरी पडताळून पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. घरात पाच मोठी माणसे असली, तर ५ ग्रॅमच्या हिशेबाने दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरला पाहिजे. पुडा उघडला त्या दिवशी त्यावर तारीख घालावी आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजावेत. आमच्या घरी तो बावीस दिवसांत संपत असे. शिवाय बाहेरून आलेले लोणचे, पापड आणि शेव यांतले मीठ या पुड्यात धरलेलेच नाही. पापडखार आणि खाण्याचा सोडा यांतही मिठातलाच सोडियम असतो. पोटात गॅस झाला म्हणून घ्यावयाच्या फसफसणाऱ्या पुडीतही तो असतो.

मालव्यात राहून शेवेविषयी वाईट बोलणे म्हणजे स्वतःवर संकट ओढवून घेणे आहे. सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावन, दुपारी वरणावर शेव, संध्याकाळी भाजी नसेल तर शेवेचीच भाजी! शेव सर्वथा वर्ज्य करा असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हटले तर कोणी ऐकणारही नाही. पण मूठभर शेवेची चिमूटभर करता येते. जिरावनात काळे मीठ असते, ते न घालता लिंबू अधिक पिळून पोहे खाऊन पाहावेत. जिभेची एक खोड चांगली आहे: मीठ हळूहळू कमी केले, तर काही आठवड्यांत ती कमी मिठास सरावते, आणि पूर्वीचेच पदार्थ मग खारट लागू लागतात. आम्हांस प्रथम वरण अळणी लागे; आता बाहेरची कचोरी खाल्ली तर पाणी शोधावे लागते.

खरे पाहता मिठास आवर घालण्याची रीत आपल्या घरांत नवी नाही. चातुर्मासात मीठ सोडण्याचा नेम कित्येक आज्या करीत असत. देवाच्या नैवेद्याच्या पानात आपण मीठ वाढीत नाही. माणसांच्या पानात ते प्रथम वाढतो, आणि ते वाढतो ते ज्याला लागेल त्याने घ्यावे म्हणूनच. तेव्हा महाप्रसादाच्या आमटीत व भाजीत मीठ हात राखून घालावे, ज्यास कमी वाटेल त्याच्यासाठी ते पानात आहेच, असे आम्ही आचाऱ्यांस सुचविले आहे. आचारी प्रथम रागावले. गेल्या दोन पंगतींत कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

बाजारात कमी सोडियमचे मीठ म्हणून एक प्रकार मिळतो. त्यात काही भाग पोटॅशियमचा असतो. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, चौथा हिस्सा पोटॅशियमचे मीठ मिसळलेले वापरणाऱ्यांत अर्धांगवायूचे प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळले. गोष्ट आशादायक आहे. पण ज्यांची मूत्रपिंडे अशक्त आहेत किंवा जे टेल्मिसार्टन, एनालाप्रिल यांसारखी औषधे घेतात, त्यांच्या रक्तात पोटॅशियम बेसुमार वाढून हृदयाची गती बिघडू शकते. त्यांनी ते डॉक्टरांना विचारल्यावाचून घरात आणू नये.

कीर्तनकार, गायक आणि आमच्यासारखे मंत्र म्हणणारे यांच्यासाठी एक खास सूचना. घसा मोकळा राहावा म्हणून ज्येष्ठमधाची कांडी गालात धरून ठेवण्याची सवय आपल्या वर्गात सर्रास आहे. ज्येष्ठमध रोज व पुष्कळ खाल्ल्याने शरीरात मीठ व पाणी साठते, पोटॅशियम घटते आणि दाब वाढतो. तीर्थरूप ते नवरात्रभर चघळीत होते, हे आम्हांस मागाहून आठवले. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही दाब वाढवितात. तंबाखू आणि मद्य यांविषयी देवस्थानच्या पत्रिकेत अधिक लिहावयास नको.

चालण्याविषयी सर्वांस ठाऊक आहे: आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास, दम लागेल पण बोलता येईल अशा गतीने. वजन जास्त असल्यास एक किलो उतरले की वरचा दाब साधारण एका अंकाने उतरतो, असा हिशेब डॉक्टर सांगतात. संथ श्वासाचा प्राणायाम आणि जप यांनी थोडा उपयोग होतो. मात्र दाब आटोक्यात नसता भस्त्रिका, दीर्घ कुंभक किंवा शीर्षासन करू नये. वयस्कर मंडळींनी साष्टांग नमस्कार घालून एकदम उठू नये. गोळी घेणाऱ्यांचा दाब उठताना क्षणभर खाली जातो आणि तोल जाऊ शकतो.

आता मोजण्याची रीत, कारण चुकीचे मोजलेले न मोजल्यासारखेच. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू घेऊ नये. लघवीस जाऊन यावे. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, पायांवर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर हृदयाच्या पातळीस टेकलेला असावा, आणि पट्टी उघड्या दंडावर बांधावी. दंड जाड असता लहान पट्टी बांधली, तर दाब खोटाच जास्त भरतो. मोजताना बोलू नये. आमच्या तीर्थरूपांस हे सर्वांत अवघड जाते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहावेत. पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजून पाहावे, आणि ज्यावर अधिक भरेल तोच हात पुढे वापरावा. आकडा एकदा जास्त आला म्हणून घाबरू नये, आणि एकदा नीट आला म्हणून निश्चिंतही होऊ नये. पण पुन्हा मोजूनही तो १८०/१२० च्या वर राहिला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. आणि सोबत छातीत दुखणे, दम लागणे, दृष्टी अंधुक होणे असे काही असले, तर थेट रुग्णालय गाठावे.

कार्यकारी मंडळाच्या संमतीने दंडावर बांधावयाचे एक यंत्र, लहान व मोठ्या अशा दोन पट्ट्यांसह, देवस्थानच्या कार्यालयात आणून ठेवले आहे. दर रविवारी सकाळच्या आरतीनंतर एक तास आम्ही तेथे असू. कोणाही सभासदाने, आणि विशेषतः ज्यांना काहीच होत नाही अशा सभासदांनी, यावे. येताना जुनी वही व चालू गोळ्यांची पट्टी बरोबर आणावी, आणि चहा घरी परत गेल्यावर घ्यावा.